वेचणीच्या तासात ऐकलेली सीआयडी

(अकोट तालुक्यातील एका गावात, ग्रंथालयाच्या पटांगणावर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

संयोजकांनी मला वाचनाबद्दल बोला असं सुचवलं होतं. मी त्यांना विनंती केली की मला ऐकणाऱ्यांबद्दल बोलू द्या. नकला ऐकणारे, मालिका पाहणारे, पाहिलेलं दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला सांगणारे. या माणसांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. बोललं गेलंच तर ‘टीव्हीनं लोकं बिघडवली’ एवढंच. माझा अनुभव वेगळा आहे.

सोनी टीव्हीवर १९९८ च्या जानेवारीत सीआयडी सुरू झाली आणि २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. १५४७ भाग झाले. तिचे कर्ते बी. पी. सिंग मुळात दूरदर्शनचे कॅमेरामन. त्याआधी त्यांनी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती, पोलिसांच्या तपासाचीच, आणि तिच्यातही एसीपी प्रद्युम्नचं काम करणारे शिवाजी साटम होते. म्हणजे एसीपी प्रद्युम्न हिंदीत बोलू लागले तरी त्यांची मुळं मराठी मालिकेत होती. साटम एकेकाळी बँकेत नोकरी करायचे. दार तोडणारे दयानंद शेट्टी थाळीफेक करणारे खेळाडू. अशा साध्या नोकरदार, मैदानी माणसांनी वीस वर्षं घराघरांत तपास केला.

पण मला बोलायचंय ते आमच्या वाड्यातल्या सालदाराबद्दल. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. २००५ नंतरची ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. भारनियमन इतकं की रात्री मोटर चालू करायला माणूस कंदील घेऊन जायचा. गावात केबल होती, पण वीज असेल तेव्हा. शुक्रवारी रात्री दहाला लाईट असली की आमच्या ओसरीवर दाटी व्हायची, आणि भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभ्याउभ्या पूर्ण भाग पाहायचे. बाया मात्र येऊ शकत नसत. पहाटे उठून भाकरी थापायच्या, सातला वावरात. त्यांच्या वाट्याला सीआयडी कधी आलीच नाही.

ती भाऊंनी आणली.

सकाळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासाला (ओळीला) लागलं, ओट्या बांधल्या, की कोणीतरी म्हणायचं, “सांगा ना जी, काल काय झालं?” आणि भाऊ सुरू व्हायचे. गोष्ट नुसती सांगत नसत, आधी संगीत वाजवायचे. तोंडानं. मालिकेचं ते धडधडणारं संगीत, थोडं नाकातून, थोडं घशातून. प्रेत सापडलं की त्या मालिकेत कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर झपाट्यानं जातो ना? भाऊ तीनदा मान फिरवायचे, दर वेळी तोंडानं ठोका द्यायचे, आणि तीन वेगळे चेहरे करायचे. दया, अभिजीत, फ्रेडरिक्स. प्रयोगशाळेत डॉक्टर साळुंखे आणि एसीपी यांची नोकझोक सुरू झाली की आवाज बदलता बदलता हाताचा वेग वाढायचा, कापूस भराभर ओटीत पडायचा. आणि खुनी कोण हे कळायच्या अगदी अलीकडं भाऊ थांबायचे. “ब्रेक,” म्हणायचे, आणि धुऱ्यावर ठेवलेल्या पाण्याकडे जायचे. बाया ओरडायच्या. कोणी म्हणायची नवऱ्यानंच केला असंल, कोणी म्हणायची तो माळी दिसतो मले. तास संपेपर्यंत वाद चालायचा.

हे मी शाळेला सुट्टी असली की पाहिलेलं आहे. कुठल्याही नाट्यगृहात याहून जागरूक प्रेक्षक मी पाहिला नाही.

आता एक प्रसंग नीट ऐका, माझं सगळं बोलणं त्यावर उभं आहे. वेचणीला येणारी एक मावशी होती. तिनं सीआयडीचा एकही भाग पाहिला नव्हता, फक्त भाऊंच्या तोंडून ऐकला होता. एके दिवशी भाऊंनी साळुंखेंचं हसणं केलं, तर ती हात थांबवून म्हणाली, “असा नाही हसत तो. परवा तू याले बारीक हसवलं होतं.” भाऊ ओशाळले. म्हणाले, “खरं हाय,” आणि परत हसून दाखवलं, बारीक.

पुढं दोन वर्षांनी ती मावशी पोरीकडं अकोल्याला गेली, तिथं टीव्हीवर प्रत्यक्ष शिवाजी साटमांना पाहिलं. परत आल्यावर वावरात म्हणाली, “थो एसीपी बराबर नाही बोलत बाप्पा. हा आपला भाऊच बरा बोलते.”

सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण तिच्या मनात एसीपींचा आवाज पक्का होता, त्यांच्या बोलण्याची लय तिला ठाऊक होती. फक्त ती तिला भाऊंकडून मिळाली होती. नक्कल करणारा एकटा काही करू शकत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात मूळ आवाज आधीच घर करून असावा लागतो. नसेल तर नकलाकारानं तो आधी तिथं वसवावा लागतो. भाऊंनी तो वसवला, आणि मग त्यांना त्याला जागावं लागलं.

आपल्या भागात हे नवं नाही. बहुरूप्याला आपण रायरंद म्हणतो. तो पोलिसाच्या वेशात दारात येऊन खाकी अंगानं दरडावायचा. घरच्यांना माहीत असायचं की हा रायरंद आहे, तरी छातीत एकदा धस्स व्हायचंच, आणि त्या धस्स होण्याचं दाणं त्याच्या झोळीत पडायचं. सीआयडी आपल्या गावात इतक्या सहज रुळली, त्याला हे एक कारण आहे असं मला वाटतं. खोट्या पोलिसाला खरा मानून त्याच्याशी वाद घालायची सवय आपल्याला पिढ्यान् पिढ्या होती.

आता गाण्याच्या नकलांकडे येतो. गणपतीत भाऊंना स्टेजवर चढवलं. एसीपींची बोटं हवेत फिरली, आणि शब्द उच्चारण्याआधीच पटांगण हसलं. मग त्यांनी किशोरकुमार केले, मग लताबाईंचा बारीक आवाज, आणि शेवटी तोंडानं खंजिरी वाजवली. आपल्याकडे खंजिरी म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. लोक एकदम गप्प झाले. हे थट्टेत चालतं का, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता. कार्यक्रम संपल्यावर भजनी मंडळातले एक म्हातारे बाबा भाऊंकडे गेले. मला वाटलं आता झापतात. ते म्हणाले, “खंजिरी मागं पडून राहिली तुझी. ठेका धरून वाजव.” आणि आपल्या मांडीवर वाजवून दाखवली.

आपण ज्याचे भक्त आहोत त्याची नक्कल पाहून रागावणं सोपं आहे. बाबा रागावले नाहीत, त्यांनी दुरुस्ती केली.

काही वर्षांनी टीव्हीवर सुगंधा मिश्रा लताबाईंची नक्कल करू लागल्या. घराघरात भांडणं झाली. माझी एक काकू टीव्ही बंद करायची, “देवाची टिंगल करते कायले?” काकूचं दुःख खरं होतं. पण सुगंधा मिश्रा शास्त्रीय संगीत शिकलेल्या, इंदूर घराण्याच्या तालमीतल्या. त्यांच्या नकलेत सूर हलत नाही, आणि हसूही त्या नेमक्या सुरामुळेच येतं. गाणाऱ्या माणसाच्या वयाची, दिसण्याची थट्टा करणारी नक्कल मला आजही आवडत नाही. गळ्याची नक्कल करणाऱ्याला मात्र त्या गळ्याशेजारी फार वेळ बसावं लागतं.

लताबाई स्वतः सुरुवातीला नूरजहाँच्या ढंगानं गायच्या, हे जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. आणि आपल्या अकोटाहून मीटरगेजची गाडी धूळघाट चढून ज्या खांडव्याला जायची, तिथला किशोर लहानपणी सैगलांची नक्कल करायचा. पडद्यावर आला तेव्हाही तो आधी सैगलांसारखाच गायला. स्वतःचा आवाज पुढं सापडला. त्याच किशोरनं १९६२ च्या ‘हाफ तिकीट’मध्ये एका गाण्यात बाईचा आणि पुरुषाचा, दोन्ही आवाज एकट्यानं गायले, कारण लताबाई येऊ शकल्या नव्हत्या. भाऊ ते गाणं करायचे तेव्हा बायका डोळे मिटून ऐकायच्या, आणि मग डोळे उघडून खात्री करायच्या की समोर एकच माणूस आहे.

सीआयडी बंद झाली तेव्हा गावात फार चर्चा झाली नाही. वीज सुधारली होती, मोबाइल आले होते, भाऊ थकले होते. २०२३ च्या डिसेंबरात फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस गेले, तेव्हा मात्र पारावर दोन दिवस त्यांचंच नाव होतं. पुढच्या वर्षाअखेर मालिका परत आली, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तिच्यात एसीपी प्रद्युम्नच मारले गेले. देशभर लोक संतापले, आणि पुढं त्यांना परत आणावं लागलं.

ती बातमी आली तेव्हा आमच्याकडं कुरड्या घालायचे दिवस होते. ती वेचणीवाली मावशी अंगणात साच्यानं कुरडई पाडत बसली होती. भाऊ रस्त्यानं चालले होते. तिनं हाक मारली, “एसीपी मेला म्हणते, खरं हाय का?”

भाऊ म्हणाले, “पाहिलं नाही मी.”

“मंग काय झालं? सांग ना कसा मेला थो.”

भाऊ अंगणात आले. बाजेवर बसले. काठी बाजूला ठेवली, आणि तोंडानं ते संगीत सुरू केलं.