घर घेताना मधली तीन वर्षं

(न्यू जर्सीतल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. गेल्या महिन्यात एक तरुण जोडपं आमच्याकडे आलं होतं. मुलगी चौथीत, घर घ्यायचं चाललंय. फोन माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "काकू, या घराची शाळा नऊ आहे आणि त्या घराची सात. किमतीत लाखभर डॉलरचा फरक पडतोय. नऊचंच घ्यावं ना?" मला एका शब्दात उत्तर देता येईना. चहा दोनदा करावा लागला, इतका वेळ आम्ही बोलत बसलो. त्या दिवशी जे बोलले तेच आज जरा नीट मांडते.

पुण्या-नाशिकला आपण शाळा आधी ठरवतो. घर एकीकडे, शाळा दुसरीकडे, मध्ये रिक्षावाले काका. इथे सरकारी शाळेत फी नाही, देणगी नाही, मुलाखत नाही. तुमचा पत्ता ज्या शाळेच्या हद्दीत येतो ती तुमची शाळा. आणि ती चालते बऱ्याच अंशी त्या गावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर. न्यू जर्सीत हा टॅक्स सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जातो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना मिळतो. श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत, हे इथूनच येतं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या गरीब वस्तीतले पालक याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. न्यू जर्सीत पुढे राज्याच्या कोर्टाने गरीब शहरांच्या शाळांना जास्त पैसा द्यायला लावला, पण पत्ता आणि शाळा यांची गाठ काही सुटली नाही.

आता तो नऊचा आकडा. घरं शोधायच्या साइटवर दिसणारे हे एक ते दहा आकडे बहुतेक ग्रेटस्कूल्सचे असतात. १९९८ साली सुरू झालेली ही संस्था. या आकड्यात परीक्षेच्या गुणांचा वाटा मोठा असतो. स्टॅनफर्डच्या शॉन रीअर्डन यांनी देशभरातल्या स्कूल डिस्ट्रिक्टचे, म्हणजे गावागावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागांचे, गुण वर्षानुवर्षं तपासलेत. सरासरी गुण आई-वडिलांच्या कमाईशी आणि शिक्षणाशी घट्ट बांधलेले दिसतात. मुलं वर्षभरात किती पुढे जातात, याचा मात्र त्या श्रीमंतीशी संबंध खूपच कमी. म्हणजे दोघंही इंजिनिअर असलेल्या घरांची वस्ती असेल तर शाळेने फार काही न करताही आकडा चांगला येतो. आणि साताच्या शाळेत शिक्षक जीव तोडून शिकवत असतील, तर ते त्या आकड्यात पुरतं दिसतच नाही. राज्य दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल काढतं. त्यात मुलांच्या प्रगतीचा वेगळा रकाना असतो, आणि शाळेचे दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडवणारी मुलं किती, तेही असतं. आधी हे दोन रकाने बघा.

पण मला खरं बोलायचंय ते सहावी ते आठवीबद्दल, म्हणजे इथल्या मिडल स्कूलबद्दल. घर घेताना सगळे प्राथमिक शाळा बघतात आणि मग थेट हायस्कूल, म्हणजे नववी ते बारावी. मधली तीन वर्षं कुणी विचारतच नाही. एका बाईंच्या वर्गातून मूल सहा-सात शिक्षकांकडे जायला लागतं, शरीर बदलतं, मैत्रिणी बदलतात, आणि नेमकं याच वयात गणिताचा रस्ता ठरतो.

हे आम्ही अनुभवलंय. मुलगा सातवीत असताना आम्ही या राज्यात दुसऱ्या एका गावातून घर बदलून आलो. आकडा बघूनच आलो होतो. शाळेने जुनी गुणपत्रिका नीट न बघता त्याला गणिताच्या साध्या वर्गात घातलं. आम्हाला वाटलं, इथे असंच असेल. नोव्हेंबरात एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर गृहपाठ करत होता. मी वहीत डोकावले. अपूर्णांकांच्या बेरजा. पाचवीत केलेल्या. म्हटलं, "अरे, हे तुला येतं ना?" तो खाली बघूनच म्हणाला, "मला वाटलं, मी इथे ढ आहे." ती वही मी अजून जपून ठेवलीय. नंतर कळलं की त्या शाळेत वरच्या गणिताची परीक्षा पाचवीच्या शेवटी होते, आणि मधे आलेल्या मुलाने ती मागितली नाही तर कुणी आपणहून देत नाही. आठवीत अल्जिब्रा झाला नाही तर बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचायला उन्हाळी वर्ग करावे लागतात, नाहीतर एका वर्षात दोन गणितं घ्यावी लागतात. त्याने उन्हाळी वर्ग केला. गणित भरून निघालं. "ढ" हा शब्द निघायला दोन वर्षं गेली.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा त्या मिडल स्कूलच्या काउन्सेलरला (मुलांचे विषय आणि अडचणी बघणारे समुपदेशक) फोन करा आणि एकच विचारा: मधेच येणाऱ्या मुलाचा वर्ग तुम्ही कसा ठरवता? उत्तरावरून पुष्कळ कळतं. आणि एका दुपारी, शाळा सुटायच्या सुमारास, गावच्या पब्लिक लायब्ररीत जाऊन बसा. मिडल स्कूलची मुलं तिथे येतात. एकमेकांशी कशी बोलतात ते नुसतं ऐका.

पत्त्याच्या बाबतीतही जपा. जाहिरातीत "प्रिन्स्टन" लिहिलेलं घर पुष्कळदा साउथ ब्रन्सविक किंवा प्लेन्सबरोच्या हद्दीत असतं. पोस्टाचा पत्ता आणि स्कूल डिस्ट्रिक्ट या दोन वेगळ्या गोष्टी. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन तर वेस्ट विंडसरमध्ये आहे. उलट क्रॅनबरी हे छोटं गाव आठवीपर्यंत स्वतः शिकवतं आणि हायस्कूलला मुलांना प्रिन्स्टनला पाठवतं. एडिसनमध्ये डिस्ट्रिक्ट एकच, पण हायस्कूलं दोन, एडिसन आणि जे. पी. स्टीव्हन्स. कोणत्या रस्त्यावर घर आहे त्यावर कोणतं ते ठरतं. एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला घरनंबर सांगून खात्री करा. आणि अंतर मोजा. आठवीपर्यंत दोन मैलांच्या पलीकडे आणि हायस्कूलला अडीच मैलांच्या पलीकडे राहणाऱ्यांनाच बस देणं कायद्याने बंधनकारक आहे. पावणेदोन मैलांवरचं घर असेल तर जानेवारीच्या बर्फात सोडणं-आणणं कोण करणार, हे आधी ठरवा.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण आपल्या लोकांत ती बोलायलाच हवी. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या जोड-डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडंट, म्हणजे मुख्य अधिकारी, डेव्हिड आडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानांचं पत्र लिहिलं. आदल्या वर्षी मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांची मानसिक तपासणी करून घ्या असं सुचवावं लागलं होतं, ४० जणांना हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरवल्या. गावात दोन तट पडले. अभ्यास पातळ होतोय म्हणून विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे स्थलांतरित पालक पुष्कळ होते. त्यांची भीती मला समजते. शिक्षणाच्या बळावरच आपण इथवर आलो. पण १२० हा नुसता आकडा नव्हता, ती कुणाच्या तरी घरातली मुलं होती. तेव्हा शाळा निवडताना काउन्सेलर किती आहेत, एकेकाकडे किती मुलं आहेत, हेही एपी विषयांइतकंच (हायस्कूलातले कॉलेजच्या पातळीचे विषय) नेटाने विचारा.

आणि घाईने विकत घेऊ नका. भाड्याने राहणाऱ्याच्या मुलाचा शाळेवर मालकाच्या मुलाइतकाच हक्क असतो. लीज आणि विजेचं बिल दाखवायचं, झालं. एक वर्ष भाड्याने राहून मिडल स्कूल आतून बघता येतं. एवढी साधी गोष्ट आम्हाला त्या वेळी कुणी सांगितली नाही. पुढे हद्दी बदलू शकतात, हेही ध्यानात ठेवा; पंधरा वर्षांपूर्वीचा नकाशा आज तसाच असेल असं नाही. त्या हद्दी, ते बजेट, ते गणिताचे नियम ठरतात स्कूल बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, मीटिंगमध्ये. ती सगळ्यांना खुली असते, आणि आपली माणसं तिथे फार कमी दिसतात.

त्या जोडप्याने साताच्या गावात दोन बेडरूमचं अपार्टमेंट भाड्याने बघितलंय. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी तिथे बोर्डाची मीटिंग आहे. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. गाडीत अजून दोघांना जागा आहे.