संध्याकाळी सहानंतरचं ड्युसेलडॉर्फ

(कोल्हापुरात तरुण फौंड्री उद्योजक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. संयोजकांनी मला विषय दिलाय ‘परदेशी प्रदर्शनं आणि व्यवसायवृद्धी’. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारी माणसं इथं पुढच्या रांगेतच बसलीत. तेव्हा स्टॉल कसा घ्यावा, कार्डं कुणाला द्यावीत, परत आल्यावर पाठपुरावा कसा करावा, ते त्यांना विचारा. मी बोलणार आहे तो प्रदर्शनाची दारं संध्याकाळी सहाला बंद झाल्यानंतरच्या वेळेबद्दल. त्या वेळेकडं आपण कोल्हापूरकर फार कमी लक्ष देतो, असं माझं मत आहे.

‘गिफा’ तुम्हा बहुतेकांना माहीत आहे. ओतकामाचं, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू घडवण्याच्या कामाचं, जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन. 1956 साली सुरू झालं, दर चार वर्षांनी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला भरतं, आणि मागचं 2023 च्या जूनमध्ये झालं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडची माणसं जातात. दिवसभर हॉल पायाखाली घालतात. आणि सहा वाजले की? हॉटेलवर येऊन बूट काढायचे, कुठलंतरी भारतीय हॉटेल शोधून पनीर खायचं आणि इकडं फोन लावायचा, ‘आज भट्टीच्या किती हीट झाल्या रे?’ इकडं तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. सुपरवायझर बिचारा झोपलेला. शेवटच्या दिवशी बस ठरवून कोलोनचं कॅथेड्रल, नाहीतर ॲमस्टरडॅम. फोटो काढले, चॉकलेट घेतलं, परत मुंबई. ज्या गावात आठवडाभर राहिला त्या गावाचं नाव सोडून काही सांगता येत नाही.

ड्युसेलडॉर्फला जूनमध्ये सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास. म्हणजे सहानंतर पावणेचार तास लख्ख उजेड. दिवसभराचं सगळं काम करून वर एवढा वेळ हातात. हे फुकट मिळालेलं आहे, आणि ते आपण पनीरवर घालवतो.

आता कुणी म्हणेल, अनोळखी गाव, भाषा येत नाही, बघायचं काय आणि कसं? पर्यटकांच्या यादीतल्या पहिल्या दहा गोष्टी बघायच्या का? मी म्हणतो, ती यादी ठेवा बाजूला. कोणत्याही परक्या शहरात शिरायचं तर आपल्या धंद्याच्या दारानं शिरावं. त्या दारातून आत गेलं की पाटी वाचायला जर्मन लागत नाही.

माझं दार म्हणजे ओतकाम. त्यामुळं मी पहिल्यांदा खाली बघतो. हसू नका. तिकडच्या रस्त्यातली ड्रेनेजची झाकणं बघा. बहुतेकांवर ‘ईएन 124’ हे युरोपीय मानक कोरलेलं असतं आणि पुढं एक अक्षर आणि आकडा. गाड्यांच्या रस्त्यावर ‘डी 400’, म्हणजे 400 किलोन्यूटन, साधारण चाळीस टनांच्या भाराला तपासलेलं. तेच फूटपाथवर आलात की ‘बी 125’, साडेबारा टन. रस्ता ओलांडताना मी आकडा बदललेला बघतो आणि मला कळतं की कुणीतरी बसून इंच न् इंच जागेचा विचार केलाय. चौकटीत झाकण कसं बसलंय, वरून ट्राम गेली तरी खडखडत का नाही, कड किती घासली गेलीय, हे कुठल्याही स्टॉलवर दिसत नाही. स्टॉलवर रंग मारलेला नवाकोरा नमुना असतो. रस्त्यात वीस-तीस वर्षं चाकांखाली राहिलेला माल असतो. आणि आपल्याला कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. हावड्याच्या फौंड्र्यांत ओतलेली झाकणं न्यूयॉर्कच्या रस्त्यात बसलेली आहेत.

असं खाली बघत बघत तुम्ही जुन्या गावात येता. प्रदर्शनाच्या दारातून यू 78 ही गाडी मिळते, ‘हाइनरिश हाइने आले’ या नावाच्या स्टेशनवर उतरायचं. हाइने हा कवी, 1797 साली याच गावात जन्मला. तिथून पाच-सात मिनिटं चाललात की मार्क्टप्लाट्झ, म्हणजे नगरपालिकेच्या जुन्या इमारतीसमोरचा चौक. मधोमध घोड्यावर बसलेला राजा. यान वेलेम त्याचं लाडकं नाव; हा इथला सत्ताधीश होता आणि त्याच्या हयातीतच, 1711 साली, हा पुतळा उभा राहिला. घडवणारा ग्रुपेलो नावाचा दरबारी शिल्पकार.

पण मी तुम्हाला राजा बघायला पाठवत नाही. त्याच चौकात एका पोराचा पुतळा आहे. फौंड्रीत काम करणारा पोऱ्या. त्याची गोष्ट गावातलं लहान पोरही सांगतं. घोड्याचं ओतकाम चालू असताना धातू कमी पडणार असं या पोऱ्याच्या लक्षात आलं. तो गावभर पळत सुटला, दारोदार जाऊन लोकांकडून चांदीचे चमचे, काटे, जे मिळेल ते गोळा करून आणलं, भट्टीत टाकलं, आणि पुतळा पूर्ण झाला.

आता आपण धंद्यातली माणसं. आपण ही गोष्ट ऐकली की आपल्या डोक्यात पहिल्यांदा काय येतं? ओतणं सुरू झाल्यावर मेटल कमी पडलं तर दारोदार पळायला वेळ असतो का? लेडल, म्हणजे धातू ओतायचं भांडं, थांबली की साच्यातला धातू गार होतो, वरून दुसरा ओतला तरी एकजीव होत नाही, कोल्ड शट येतो. घोड्याच्या पोटावर आडवी भेग. पुतळा गेला भंगारात. म्हणजे पोऱ्या पळाला असेल तर टॅपिंगच्या (भट्टीतून धातू काढायच्या) आधी, भट्टीत चार्ज, म्हणजे टाकलेला माल, वितळत असताना. तोपर्यंत हिशेब ग्रुपेलोनं करायला हवा होता. आपण चार्ज काढताना कास्टिंगचं वजन, रनर (साच्यात धातू जायची वाट), रायझर (आकसणाऱ्या धातूला भरती देणारा साठा) आणि वर थोडं जास्तीचं धरतो की नाही? हे त्या शिल्पकाराला माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

दुसरा मुद्दा चमच्यांचा. चांदी 961 अंशांना वितळते, तांबं 1085 ला. म्हणजे कांस्याच्या, तांबं-कथिलाच्या मिश्रधातूच्या, भट्टीत चांदीचा चमचा विरघळणार, त्यात अडचण नाही. कथिलाचे चमचे असतील तर ते 232 अंशांनाच पाणी होतात. पण कथिल प्रमाणाबाहेर गेलं तर कांस्य ठिसूळ होतं. आणि वजन? घोड्याच्या एका खुरासाठीसुद्धा चमच्यांचं पोतं लागलं असतं. तेव्हा मेटलर्जीच्या परीक्षेत ही गोष्ट नापास.

तरीही मी त्या चौकात गेलो की बराच वेळ पोऱ्यासमोरच उभा राहतो. राजांचे पुतळे गावोगाव आहेत. आपल्या दसरा चौकात शाहू महाराज आहेत, शिवाजी चौकात महाराज आहेत. पण साचा करणारा, लेडल धरणारा, धूर खाणारा माणूस चौकात उभा केलेला मी दुसरीकडं कुठं बघितला नाही. एका प्रदर्शनाच्या वेळी एका खरेदीदाराबरोबर जेवायला बसलो होतो. दोन तास दराची घासाघीस. मी सहज म्हणालो, तुमच्या त्या पोऱ्याचं मेटल कमी पडणं मला पटत नाही. माणूस खुर्चीत पुढं सरकला. त्याचा आजा मोल्डर, म्हणजे साचे करणारा, होता. मग कागदी रुमालावर रायझर काढून वाद झाला. दर त्यानं कमी केला नाही, उगाच खोटं कशाला सांगू; पण पुढच्या वर्षी तो स्वतः शिरोलीत आला आणि ऑफिसात न बसता सरळ मोल्डिंग लाइनवर गेला.

तिथंच आजूबाजूला आल्टबियर या तिथल्या बिअरच्या जुन्या खानावळी आहेत. निळ्या पेहरावातले वाढपी, त्यांना क्योबेस म्हणतात आणि ते फटकळ म्हणून प्रसिद्ध. ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा ठेवतात आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं रेघ मारतात. नको असेल तर चकती ग्लासवर झाकायची. मी माळकरी घरातला. सफरचंदाचा रस मागतो आणि त्यांची बोलणी खातो. (हशा)

खाण्याचं लवकर आटपतो. इमरमानश्ट्रासे नावाचा रस्ता मुख्य रेल्वे स्टेशनसमोरूनच जातो, तिथं जपानी दुकानं, बेकऱ्या, रामेनची, म्हणजे सूपातल्या शेवयांची, हॉटेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ऱ्हुर भागातलं पोलाद आणि यंत्रं घ्यायला जपानी कंपन्या इथं आल्या आणि राहिल्या. म्हणजे तोही रस्ता आपल्याच धंद्यानं वसवलेला. खिशात कांदा-लसूण चटणीची डबी ठेवा, रामेन तिच्याबरोबर चांगलं लागतं. रविवारी दुकानं बंद असतात. तिकिटावर वेगळा शिक्का मारून घ्यावा लागतो का, ते तिकीट घेतानाच बघा. लाल सिग्नलला रस्ता रिकामा असला तरी थांबा, शेजारी लहान पोर उभं असेल तर नक्कीच.

चौकातून दोन मिनिटांवर नदी आहे. ऱ्हाइन. आज तिथं झाडं, बाकं, खेळणारी पोरं दिसतात. पण पूर्वी गाव आणि नदी यांच्यामध्ये एक हमरस्ता होता, दिवसाला पन्नास हजारांवर गाड्या धावायच्या. तो सगळा रस्ता त्यांनी जमिनीखाली घातला. बोगदा 1993 साली सुरू झाला आणि वर लोकांना चालायला जागा मिळाली. मी तिथं बसलो की पंचगंगा घाटाचा विचार येतोच. आपल्याकडं पूर येतो, तिकडंही येतो. आपण पुराच्या खुणा भिंतीवर रंगवतो आणि पुढच्या पावसापर्यंत विसरतो. असो, तो आजचा विषय नाही, आणि महापालिकेतली मंडळीही इथं बसलीत.

एक अख्खी दुपार मोकळी मिळाली तर मात्र मी तुम्हाला गावाबाहेर पाठवीन, डुइसबुर्गला. लोकल गाडीनं फार लांब नाही. माइडरिश भागात 1901 साली स्थापन झालेला लोखंडाचा कारखाना होता. 1985 ला बंद पडला. आपल्याकडं काय झालं असतं? भंगारवाले, मग बिल्डर. त्यांनी तो पाडला नाही. 1994 ला तिथं सार्वजनिक बाग सुरू केली. तिकीट नाही. पाच नंबरच्या ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे खनिजातून लोखंड गाळायच्या उंच भट्टीवर, जिन्यानं शेवटपर्यंत चढता येतं. वर उभं राहिलं की चार्जिंग कुठून व्हायचं, गरम हवा कुठून यायची, स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, कुठं जायचा, सगळं पायाखाली उलगडतं. मी कॉलेजात असताना ब्लास्ट फर्नेसची आकृती पाठ केली होती. ती कळली तिथं. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरलंय आणि लोक त्यात डायव्हिंग शिकतात. कच्च्या मालाच्या बंकरांच्या भिंतींवर गिर्यारोहणाचा सराव चालतो. ज्या हॉलमध्ये वितळलेलं लोखंड वाहायचं, तिथं उन्हाळ्यात उघड्यावर सिनेमा दाखवतात. गंज जिथं धोक्याचा नाही तिथं तसाच ठेवलाय, रंग फासून गोंडस केलेलं नाही. ते मला सगळ्यात आवडलं.

शाहू मिलचा भोंगा ऐकलेली माणसं या सभागृहात आहेत. 1906 साली महाराजांनी ती उभी करायला घेतली. ती बंद होऊनही आता किती वर्षं झाली. तिथं काय व्हावं यावर आपण सभा घेतो, आराखडे करतो. माझी एकच विनंती आहे, त्या आराखड्यांवर सह्या करणाऱ्यांनी एकदा डुइसबुर्गच्या त्या जिन्यावर चढून यावं. खर्चाचा प्रश्न असेल तर गिफाला जाणाऱ्या तुकडीबरोबर जावं.

धंद्याचं दार ओतकामाचंच हवं असं नाही. इचलकरंजीची कुणी यंत्रमागवाली मंडळी असतील तर त्यांनी यू 76 पकडून क्रेफेल्डला जावं. रेशमाचं आणि मखमलीचं गाव, तिथं वस्त्रांचं संग्रहालय आहे. घरात कुणी नर्सिंगला असेल तर काइझर्सवेर्थ बघा, यू 79 नं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1851 मध्ये तिथल्या संस्थेत शिकली होती.

आणि आता तुमच्या उपयोगाचं सांगून थांबतो. पुढचं गिफा 2027 च्या जूनमध्ये आहे. त्या आठवड्यात ड्युसेलडॉर्फमधल्या खोल्यांचे दर ऐकून माणूस खाली बसतो. त्यावर उपाय शेजारचं वुपरटाल गाव, आगगाडीनं अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. खोरं इतकं चिंचोळं की रूळ टाकायला जागा नव्हती. म्हणून 1901 साली त्यांनी नदीच्या डोक्यावर लोखंडी कमानी उभ्या करून त्यांना गाडी उलटी टांगली. 13 किलोमीटर. अजून लोक तिनंच कामावर जातात. वाटेत निआंडरचं खोरं लागतं. 1856 मध्ये तिथल्या चुनखडीच्या खाणीत मजुरांना हाडं सापडली, त्यांना वाटलं अस्वलाची. फूलरोट नावाच्या शाळामास्तरनं ती माणसाची म्हणून ओळखली. तो मास्तर एल्बरफेल्डचा, आणि एल्बरफेल्ड आज वुपरटालचाच भाग आहे.

तेव्हा खोली वुपरटालला घ्या, टांगत्या गाडीच्या स्टेशनजवळची. बुकिंग लवकर करा. आणि सुपरवायझरला फोन सकाळी करा.