डोळा वाहतोय, दुखणं दातात आहे

या व्हिडिओत आधी सशाचा हा पंजा बघा. पुढच्या पायाची आतली बाजू, केस चिकटून पिवळट, कडक झालेत. ससा पुढच्या पायांनीच तोंड पुसतो, त्यामुळे नाक वाहत असलं तरी नाक स्वच्छ दिसतं आणि खरी खूण पंजावर सापडते. म्हणून ससा टेबलावर आला की डॉक्टर चेहऱ्याच्या आधी पंजे उलटे करून बघतात.

हा कापूस. वय चार वर्षं, पुण्यात एका फ्लॅटच्या बाल्कनीत राहतो. उजव्या डोळ्याखालचे केस सतत ओले राहून गळलेत, कातडी लाल झालीये. दीड महिना घरच्यांनी घरात होते ते माणसांचे ड्रॉप घातले. दोन दिवस बरं वाटायचं, परत वाहायला सुरुवात.

आता डॉक्टर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली बोटाने हलकं दाबतायत. बघा काय आलं. पांढरं, घट्ट. सशाचा पू असाच दाट असतो, आपोआप वाहून जात नाही, अडकून बसतो.

डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी एक बारीक नळी असते, आपल्यालाही असते, रडलं की नाक गळतं ते त्यामुळेच. आपल्या प्रत्येक डोळ्यात तिला दोन तोंडं असतात, सशाला मात्र एकच, खालच्या पापणीच्या आत. तिथून ती वळणं घेत वरच्या दातांच्या मुळांना अगदी चिकटून नाकात उतरते. आता एक्सरे बघा. सशाचे दात मरेपर्यंत वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर, आणि ते झिजायला तासन्‌तास गवत चावावं लागतं. गवत नसेल तर दाढा झिजत नाहीत, वरखालचे दात एकमेकांना रेटतात आणि मुळं उलटी हाडात सरकत जातात. इथे, बाणाजवळ, मुळाने नळीच दाबलीये. मग ड्रॉप कितीही घाला.

ही कापूसची वाटी. गाजर, ब्रेड, रंगीत दाणे. घरच्यांनी प्रेमानेच दिलंय हे, विकत घेताना त्यांना हेच सांगितलं होतं, गवताचं नाव कोणी काढलं नव्हतं.

डोळ्यात आधी एक रंग टाकतात. निळ्या लाईटखाली बुबुळावर कुठे हिरवं चमकलं तर तिथे जखम आहे. कापूसला नाही, सुटला. मग बधिर करायचे थेंब, आणि सलाईन लावायची सगळ्यात बारीक कॅन्युला, सुई काढून टाकलेली, फक्त मऊ नळी. पापणी खाली ओढून ते एवढंसं तोंड शोधायचं, नळी आत सरकवायची आणि कोमट सलाईन हळूहळू सोडायचं. पहिल्यांदा सगळं डोळ्यातूनच परत आलं. जोर लावायचा नाही, आतली नळी फाटू शकते. परत थोडं. परत थोडं. आता त्याच बाजूच्या नाकपुडीकडे बघा... आलं. आधी पांढरं, मग गढूळ, मग नितळ पाणी.

मुळं एकदा सरकली की जागेवर परत येत नाहीत, कापूसला हे पुन्हा पुन्हा करावं लागणार, काही सशांचे दात काढावे लागतात, काहींचा डोळाही जातो.

त्याच दिवशी आलेली ही दुसरी सशीण, प्लास्टिकच्या डब्यात बसलेली. डब्याला भोक पाडून नेब्युलायझरची नळी लावलीये, १५ मिनिटं औषधाचं बारीक धुकं, दिवसातून दोनदा. हिला शिंका आणि घरघर. पाश्चुरेला नावाचे जंतू कितीतरी धडधाकट दिसणाऱ्या सशांच्या नाकातही असतात, ताण आला, हवा खराब झाली की डोकं वर काढतात. हवा म्हणजे कोणती, ते कळावं म्हणून कॅमेरा आम्ही मुद्दाम पिंजऱ्याच्या तळाशी ठेवला. सशाचं नाक दिवसभर इथे असतं, लघवीच्या अमोनियात, आपण उभे असतो वर, आपल्याला वासही येत नाही. ससा नाकानेच श्वास घेतो. मान वर करून तोंड उघडं टाकलेलं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डॉक्टर गाठा.

आणि कृपा करून घरातलं अमॉक्सिसिलिन, म्हणजे माणसांचं अँटिबायोटिक, सशाला तोंडाने देऊ नका. पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा त्यानेच जातो. डॉक्टर नाकातला स्वॅब तपासायला पाठवतात ते उगीच नाही, कुठलं औषध चालेल आणि सशाला सोसेल हे बघावं लागतं.

तीन आठवड्यांनंतरची ही बाल्कनी. वाटी गेली, तिथे वाळलेल्या गवताचा ढीग आलाय, शेजारी ताजी हराळी, फवारणी नसलेल्या जागेवरून आणलेली, धुतलेली. लसूणघास रोज नाही, त्यात कॅल्शियम फार, वयाने मोठ्या सशाला ते नको. डोळ्याखाली बारीक लव यायला लागलीये.

आवाज थोडा वाढवा. ती करकर ऐकू येतीये ना, त्या कापूसच्या दाढा आहेत.