बाळ पाण्यात श्वास का रोखते?

(किनाऱ्यावर, कॅमेऱ्याकडे पाहून)

नमस्कार. मी आज रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर उभी आहे. माझ्या मागे सुरूचे बन आहे आणि पलीकडे काजळी नदी समुद्राला मिळते. आजचा विषय पाण्याचा आणि तान्ह्या बाळांचा आहे. तो मला सुचला नाही, तर एका आईने मला विचारलेल्या प्रश्नातून तो आला आहे.

दीड महिन्यापूर्वी मी शेजारच्या घरी बाळ पाहायला गेले होते. बाळ तेव्हा तीन महिन्यांचे होते. त्याच्या आईने मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. एका परदेशी तरणतलावात साधारण त्याच वयाचे एक बाळ पाण्याखाली, डोळे उघडे ठेवून, हातपाय हलवत पुढे सरकत होते आणि त्याच्या तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. तिने विचारले, "ताई, म्हणजे पोहणं जन्मतःच येतं आणि मोठं होताना आपण ते विसरतो का?" मी उत्तर देण्याआधीच बाळाची आजी म्हणाली, "समुद्राकाठचं पोर ते, त्याला काय शिकवायचं पोहायला!"

चित्रफितीत दिसते ते खरे आहे, पण ते पोहणे नाही. या दोन गोष्टींमधले अंतर समजून घेणे आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरासाठी महत्त्वाचे आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून आज थोडे सविस्तर बोलणार आहे.

(दृश्य: जुन्या घराची न्हाणी, तांब्याचा बंब, घंगाळ)

त्यासाठी तरणतलावावर जाण्याची गरज नाही, आपली न्हाणी पुरेशी आहे. बंबातले कढत पाणी घंगाळात काढलेले असते, त्यात विसण घालून ते कोपराने पारखलेले असते, आणि बाळाला आंघोळ घालणारी बाई पाटावर बसून, पाय लांब करून, खोबरेल तेलाने चोळलेल्या बाळाला आपल्या पायांवर पालथे घेते. पाठीवर पाणी पडत असते तोवर बाळ निवांत असते. त्याला उताणे करून डोक्यावर पाणी घालताना बाई त्याच्या कपाळावर तळहाताचा आडोसा धरते, आणि तरीही एखादी धार चेहऱ्यावर आलीच, तर बाळ एकदम स्तब्ध होते. रडत असेल तर रडणे तुटते, डोळे विस्फारतात, छाती हलायची थांबते. बाई लगेच पाणी निपटून काढते आणि बाळाला उचलून सरळ धरते. बाळ एक आवंढा गिळते आणि मग घर दणाणून सोडेल असे रडते.

तो जो थांबलेला क्षण असतो, त्यात बाळाच्या शरीरात एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. चेहऱ्यावर, विशेषतः नाकाभोवती आणि कपाळावर, पाण्याचा व गारव्याचा स्पर्श झाला की ट्रायजेमिनल नावाची चेहऱ्याची चेता तो संदेश मेंदूच्या बुंध्याकडे, म्हणजे मस्तिष्कस्तंभाकडे नेते. तिथून श्वास थांबवण्याची आज्ञा सुटते, व्हेगस या चेतेमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात, आणि हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त मेंदू व हृदय यांच्याकडे राखले जाते. या सर्वांत बाळाची इच्छा, अनुभव किंवा धैर्य यांचा काहीही संबंध नसतो. डोळ्यापुढे अचानक काही आले तर पापणी मिटते, तितकेच हे आपोआप घडते. याला निमज्जन प्रतिक्षिप्त क्रिया म्हणता येईल. सीलसारख्या प्राण्यांत ती फार बळकट असते, आणि पेर शोलांडर या शास्त्रज्ञाने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनामुळे तिचे स्वरूप स्पष्ट झाले. माणसात ती आयुष्यभर टिकते. खडपात बुडी मारून कालवे काढणाऱ्याच्या शरीरातही ती असते. तान्ह्या वयात मात्र ती विशेष जोरकस असते.

ती किती जोरकस असते याचा पुरावा रुग्णालयात मिळतो. नवजात बाळाच्या हृदयाचे ठोके एरवी मिनिटाला साधारण १२० ते १६० असतात. काही बाळांत हृदयाच्या विद्युतमार्गातील दोषामुळे ते एकाएकी २२० च्याही पुढे जातात. अशा वेळी डॉक्टर बाळाच्या चेहऱ्यावर बर्फ आणि पाणी भरलेली पिशवी काही सेकंद टेकवतात, आणि अनेकदा तेवढ्यानेच ठोके पुन्हा ताळ्यावर येतात. म्हणजे ज्या क्रियेने न्हाणीतल्या बाळाचा श्वास क्षणभर अडला, तीच क्रिया इथे औषधासारखी वापरली जाते. हा उपाय यंत्रावर हृदयाचा आलेख पाहत डॉक्टरांनीच करायचा असतो, घरी कधीही नाही.

चेहऱ्याच्या आत, स्वरयंत्राच्या तोंडाशी दुसरा पहारा असतो. मला या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. बाळ नऊ महिने गर्भजलात असते आणि त्या काळात त्याची छाती श्वास घेतल्यासारखी हालचाल अधूनमधून करत असते. जन्मानंतर स्वरयंत्राच्या अस्तराला पाण्याचा स्पर्श झाला, तर तिथल्या संवेदनाक्षम पेशी लगेच इशारा देतात. मग श्वास थांबतो, स्वरयंत्राचे दार आवळले जाते आणि बाळ गिळू लागते. मोठ्या माणसाला त्याच जागी पाणी गेले की ठसका लागतो. तान्ह्या बाळाचा मार्ग उलटा आहे: ते खोकत नाही, ते थांबते आणि गिळते. जसजसे महिने जातात तसतसे थांबणे मागे पडते आणि खोकला पुढे येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आंघोळ झाल्यावर बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही अनेक घरांत आहे, आणि ती प्रेमापोटीच आहे. पण हा पहारा पाण्याला जसा अडवतो तसा तेलाला अडवत नाही. तेल स्वरयंत्राला फारसे न खुपता, ठसका न लागता, श्वासनलिकेत उतरू शकते आणि त्यातून फुप्फुसाचा एक चिवट दाह होतो. डोक्याला, अंगाला खोबरेल जरूर चोळा. नाकात घालू नका.

(पुन्हा किनारा)

आता त्या चित्रफितीकडे येऊ. बाळ श्वास रोखते हे कळले, पण ते पुढे कसे सरकते?

न्यूयॉर्कमध्ये बालविकासाचा अभ्यास करणाऱ्या मर्टल मॅकग्रॉ यांनी हा प्रश्न फार चिकाटीने तपासला. त्यांनी ११ दिवसांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या ४२ मुलांचे पाण्यातले वर्तन पुन्हा पुन्हा पाहिले, एकूण ४४५ निरीक्षणे नोंदवली आणि १९३९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पहिल्या काही महिन्यांत बाळाला पालथे पाण्यात धरले, तर त्याचे हात, पाय आणि धड लयीत हलत आणि ते थोडेसे अंतर पुढेही जाई. श्वास आपोआप रोखलेला असे आणि पाण्याबाहेर काढल्यावर खोकला फारसा येत नसे. चित्रफितीत आपल्याला दिसते ती ही अवस्था.

चार महिन्यांच्या आसपास चित्र बदलते, आणि मॅकग्रॉ यांच्या कामातला हाच भाग सहसा कोणी सांगत नाही. लय मोडते. बाळ पालथे राहत नाही, उताणे वळू पाहते, हातपाय झाडते, तोंडावरचे पाणी पुसण्यासाठी हात वर नेते, धरणाऱ्या माणसाचा हात घट्ट पकडते. पाणी पोटात जाते आणि ठसका लागतो. थोडक्यात, जे बाळ महिन्यापूर्वी पाण्यात सहज वावरत असल्यासारखे दिसत होते, तेच आता बुडणाऱ्या माणसासारखे वागते. तिसरी अवस्था त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी येते, चालण्याच्या वयाच्या आसपास आणि पुढे. तेव्हा मूल पाय जाणूनबुजून मारू लागते, आणि खरे पोहणे या तिसऱ्या अवस्थेवरच शिकून उभे राहते.

म्हणजे त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की आपण पोहणे विसरत नाही, कारण ते आपल्याला येतच नव्हते. पहिली लय मेंदूच्या खालच्या, जुन्या भागांतून चालते. पुढे मेंदूचा वरचा थर हालचालींचा ताबा घेऊ लागतो आणि मधल्या काळात जुने गेलेले असते, नवे आलेले नसते. मॅकग्रॉ यांचे स्पष्टीकरण साधारण असेच होते.

याला एक जोड आहे. नवजात बाळाला काखेत धरून तळवे जमिनीला टेकवले की ते पावले टाकते, आणि दोनेक महिन्यांत ते थांबते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अमेरिकेतील एस्थर थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की काही आठवड्यांच्या बाळांच्या पायांना थोडे वजन बांधले तर पावले कमी होतात, आणि बाळांना कोमट पाण्यात उभे धरले तर पावले वाढतात. पाय अंगाने भरतात, पण ते उचलण्याइतकी ताकद अजून आलेली नसते, आणि पाणी तो भार उचलून धरते. चालण्याच्या बाबतीत मला हे पूर्ण पटते. पोहण्याच्या बाबतीत मात्र केवळ वजनाने भागत नाही, कारण पाण्यात पाय जड नसतानाही चार महिन्यांनंतरचे बाळ लय सोडून धडपडते. तिथे मेंदूतल्या बदलाकडेच पाहावे लागते.

आता आजीच्या बोलण्याकडे वळते. पहिल्या अवस्थेतले बाळ कितीही सुंदर सरकत असले, तरी ते श्वास घेण्यासाठी मान पाण्याबाहेर काढू शकत नाही. जन्मतः डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ चौथा भाग असते आणि ते पेलण्याचे बळ मानेत नसते. श्वास रोखणे ही काही सेकंदांची सवलत आहे. शिवाय हे बाळ पाणी गिळते, हे आपण आत्ताच पाहिले. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडे जादा पाणी वेगाने बाहेर टाकू शकत नाहीत, त्यामुळे पोटात बरेच पाणी गेले तर रक्तातील सोडियम घटून झटके येऊ शकतात. उन्हाळ्यात कितीही उकडत असले तरी पहिले सहा महिने बाळाला वरचे पाणी देऊ नका असे सांगतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. आणि आपला समुद्र आपल्याला कोमट वाटला तरी त्याचे पाणी ३७ अंशांच्या शरीरापेक्षा बरेच थंड असते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि नवजात बाळाला मोठ्या माणसासारखे कुडकुडून अंग तापवता येत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले की एक वर्षाखालच्या बाळांना पोहण्याच्या वर्गाला नेल्याने बुडण्याचा धोका कमी होतो याचा पुरावा नाही. वर्षानंतर शिकवण्याचा उपयोग होऊ शकतो. आईवडिलांनी बाळाला हातात धरून कोमट, स्वच्छ पाण्यात खेळवावे, त्यात आनंदच आहे. मात्र तोंड पाण्याखाली नेण्याची गरज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली, आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. या वयाची मुले बहुधा खोल समुद्रात जात नाहीत. ती घराजवळच्या पाण्यात जातात. आपल्याकडे हे पाणी कुठे असते ते आठवा: मागच्या दारी कठडा नसलेली किंवा कठडा खचलेली विहीर, विहिरीजवळची दगडी दोण, पोफळीला शिंपण्यासाठी बांधलेला हौद, पावसाळ्यात अंगणाच्या कडेने भरून वाहणारा पऱ्या, आणि न्हाणीत भरून ठेवलेली बादली. रांगणारे किंवा नुकते उभे राहणारे मूल बादलीत वाकले की जड डोके आधी आत जाते, आणि काठावर रेटा देऊन स्वतःला मागे ओढण्याचे बळ त्याच्या हातांत नसते. काही बोटे पाणीही पुरते. आरडाओरडा होत नाही. या वयात पहिल्या अवस्थेची लय संपलेली असते आणि तिसरीची सुरुवात जेमतेम झालेली असते, तरी मूल मात्र आता स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून बादली रिकामी करून पालथी घालणे, दोणीवर आणि हौदावर झाकण ठेवणे, विहिरीला कठडा आणि वर जाळी बसवणे, आणि पाण्याजवळ मूल असेल तर त्याच्यापासून हातभर अंतरावरच राहणे, इतके तरी करा.

समुद्राकाठच्या मुलांना पोहता येते ते कुणीतरी शिकवल्यामुळे. पाठीला सुकलेला भोपळा किंवा डबा बांधून, काकाने किंवा मोठ्या भावाने विहिरीत उतरवून, पोटाखाली हात धरून ती शिकतात. मी आजींना हेच सांगितले, आणि त्यांच्या दोन्ही मुलांना विहिरीत कोणी शिकवले होते ते त्यांना लगेच आठवले.

परवा त्याच घरी पुन्हा गेले होते. बाळ आता साडेचार महिन्यांचे झाले आहे. आंघोळ चालू असताना आई काळजीने म्हणाली की आठवडाभर चेहऱ्यावर पाणी आले की त्याला ठसका लागतो, सर्दी तर झाली नसेल ना. मी न्हाणीच्या दारात उभी राहून पाहिले. कपाळावरच्या तळहाताखालून एक धार ओघळली. बाळ पूर्वीसारखे स्तब्ध झाले नाही. ते खोकले, मान वळवली, आणि ओला हात उचलून चाचपडत स्वतःच्या तोंडाकडे नेला.