हजेरीचे पैसे, जिंकल्याचे पैसे

(पडद्यावर: सिडनी, ९ फेब्रुवारी २०२५)

१९ सेकंद. पंचांनी इशारा केला, ऑस्ट्रेलियाच्या क्विलन साल्किल्डचा ठोसा बसला आणि उत्तराखंडचा अंशुल जुबली खाली कोसळला. आदल्या लढतीला सव्वा वर्ष उलटून गेलं होतं. सव्वा वर्षाचा सराव, खुराक, पथ्यपाणी, आणि प्रत्यक्ष काम १९ सेकंदांचं.

जुबलीचे वडील सीमा सुरक्षा दलात होते. तो स्वतः फौजेत अधिकारी व्हायची तयारी करत होता. मग डोक्यात मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिरलं, म्हणजे एमएमए: ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा खेळ. डावपेच यूट्यूबवर बघितले, गणिताच्या शिकवण्या घेतल्या, त्या पैशांवर सराव चालवला. फेब्रुवारी २०२३मध्ये लास वेगासला इंडोनेशियाच्या जेका सारागीला हरवून त्याने यूएफसीचा करार मिळवला. या खेळातली यूएफसी ही सगळ्यात मोठी कंपनी. कंपनी म्हटलं, संघटना नाही. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

करार झाला म्हणजे पोरगा मार्गी लागला, असं घरच्यांना वाटतं. तर तो करार बघू.

नवख्याचे पैसे दोन भागांत असतात. पिंजऱ्यात, म्हणजे जाळीच्या रिंगणात, उतरल्याचे अमुक, जिंकलास तर तेवढेच आणखी. कित्येक वर्षं हा आकडा १० हजार अधिक १० हजार डॉलरच्या घरात होता, अलीकडे तो १२ अधिक १२ झाला. रुपयांत ऐकलं की डोळे विस्फारतात. आता वहीवर मांडू.

(पडद्यावर: वहीचं पान, हाताने लिहिलेले आकडे)

समजा, वर्षात दोन फाइट मिळाल्या आणि दोन्ही हरल्या. हजेरीचे २४ हजार डॉलर. फाइट अमेरिकेत असतील तर परदेशी खेळाडूचा ३० टक्के कर तिथेच कापतात. गेले ७ हजार २००. मॅनेजरला १० टक्के, जिम आणि कोच मिळून १० टक्के. हे मी हात आखडूनच धरतोय. उरले १२ हजार डॉलर, म्हणजे साधारण दहा लाख रुपये. त्यात वर्षभराचा खुराक, फिजिओ, घरभाडं. तोडीचे जोडीदार मिळावेत म्हणून थायलंड किंवा बालीला जाऊन राहायचं, त्याचा खर्च वेगळा. दोन्ही जिंकल्या तर आवक दुप्पट, हे खरं. पण हा धंदा पत्करायचा की नाही, हे हरलेल्या वर्षाच्या पानावरून ठरवावं. किट कंपनीकडून थोडे वरचे मिळतात, कधी कुणाला मोठा बोनस लागतो. बोनसच्या आशेवर घरभाडं भरता येत नाही. अमेरिकेतली सारा अल्पार यूएफसीत असतानाच २०२१मध्ये सरावाच्या खर्चासाठी लोकांकडे ऑनलाइन वर्गणी मागत होती.

आता जरा आपल्या तालमीकडे या.

(पडद्यावर: पहाट, लाल माती, जोर मारणारी पोरं)

कुस्तीचं गुलाबी चित्र रंगवायचं नाहीये. दूध, तूप, बदामाच्या हिशेबात कित्येक बापांची शेतं गहाण पडली आहेत. पण हरलेल्या पैलवानाची काहीतरी सोय लागते. या जत्रेत चितपट झाला, तरी पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावचं मैदान असतं. नारळावरच्या कुस्तीपासून लाखांच्या इनामापर्यंत जोड्या लागतात. रेल्वेचा संघ असतो, सैन्यदलाचा असतो, पोलिसांचा असतो. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. नरसिंग यादव आणि विजय चौधरी, दोघंही तीन-तीनदा महाराष्ट्र केसरी, दोघंही पोलिस उपअधीक्षक झाले. २०२३ला पुण्यात शिवराज राक्षेला गदेसोबत थार गाडी मिळाली, तिचे फोटो गावोगाव फिरले. तरी पैलवानाच्या घरी पाहुणे जमले की विषय निघतो तो वर्दीचा.

खाजगी कंपनीच्या पिंजऱ्यात कमावलेला विजेतेपदाचा पट्टा या क्रीडा आरक्षणाच्या खिडकीवर चालत नाही. तिथे मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. माझ्या मते खरी गोम इथे आहे. मार कुस्तीतही बसतो, कान तिथेही मोडतात. पण कुस्तीत हरण्याचा खर्च गाव, सरकार, तालीम असा वाटला जातो. एमएमएत तो एकट्या फायटरच्या अंगावर पडतो.

मुंबईचा भरत खंडारे हा भारतातून यूएफसीत उतरलेला पहिला फायटर. नोव्हेंबर २०१७, शांघाय, समोर चीनचा सोंग यादोंग. पहिल्याच फेरीत मान गिलोटीनमध्ये, म्हणजे मान हाताने आवळायच्या डावात, अडकली आणि तो हरला. यूएफसीतली त्याची ती एकमेव फाइट. आपल्याकडे किती जणांना हे नाव आठवतं?

कुस्तीतून इकडे आलेल्यांत सगळ्यात मोठं नाव रितू फोगाटचं. २०१७ला २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत रौप्य, घराण्याचं वलय, तरी २०१९ला ती सिंगापूरला गेली आणि वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए कंपनीत उतरली. सुरुवातीला तिचे पट, म्हणजे पाय धरून पाडायचे डाव, कुणाला आवरेनात. डिसेंबर २०२१मध्ये ग्रां प्रीची, म्हणजे बाद फेऱ्यांच्या स्पर्धेची, अंतिम फाइट होती, थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सशी. रितूने तिला खाली घेतलं. आपल्या मातीत पाठ टेकली की खेळ खलास, फेटे उडायला लागतात. इथे पाठीवर पडलेल्या बाईने पाय वर घेतले, रितूचा हात मांड्यांमध्ये धरला आणि कोपरापासून उलटा ताणला. आर्मबार. दुसऱ्या फेरीत रितूला हार पत्करावी लागली. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय, समोरच्याची पाठ मातीला लागत आली की जोर लावायचा, ती इथे मोडून नव्याने शिकावी लागते. विशी ओलांडल्यावर.

ठोशांइतकंच, किंवा कधी त्याहून भयंकर, वजन उतरवणं. फाइटच्या आदल्या दिवशी वजनकाटा. त्याआधी पाणी तोडायचं, मीठ तोडायचं. टबात कढत पाणी, बाहेर आलं की टॉवेलवर टॉवेल गुंडाळून पडून राहायचं. कोच दर काही मिनिटांनी नाव विचारतो, शुद्धीवर आहे ना बघायला. ओठ फुटतात, थुंकी सुटत नाही, आणि काटा अजून अर्धा किलो जास्तच दाखवतो. डिसेंबर २०१५मध्ये मनिलात चीनचा २१ वर्षांचा यांग जियान बिंग यातच गेला. त्यानंतर वन चॅम्पियनशिपने शरीरातलं पाणी तपासायचा नियम आणला. बाकी बऱ्याच ठिकाणी टब आणि टॉवेल चालूच आहेत.

वरच्या पायरीवर तरी सुबत्ता असेल? आहे, मोजक्यांकडे. यूएफसीच्या उत्पन्नातला फायटरांचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास मानला जातो. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडू जवळपास निम्मा घेतात, कारण तिथे त्यांची युनियन आहे. इथे प्रत्येक जण स्वतंत्र कंत्राटदार. यूएफसी मानधन दाबून ठेवते म्हणून २०१४च्या डिसेंबरमध्ये काही फायटर कोर्टात गेले, आणि ३७ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीवर शिक्कामोर्तब व्हायला २०२५ उजाडलं. हेवीवेट विजेता फ्रान्सिस न्गानू पट्टा सोडून बाहेर पडला आणि बॉक्सिंगच्या रिंगणात टायसन फ्युरीसमोर उभा राहिला. त्याला ते परवडलं, कारण तो न्गानू होता.

आपल्याकडच्या स्पर्धांचं थोडक्यात सांगतो. २०१२ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीग वाजतगाजत सुरू झाली, २०१७ला संघांची लीग झाली, मग सगळं थंडावलं. २०१९पासून जॅकी श्रॉफच्या कुटुंबाची मॅट्रिक्स फाइट नाइट आहे. आयोजक आले की फाइट, नाही आले की नुसता सराव.

(पडद्यावर: सकाळची जिम, पॅडवर ठोसे मारणारे नोकरदार)

मग पोट कशावर चालतं? बहुतेकांचं यावर. सकाळी सहाला आयटीतली मंडळी घाम गाळायला येतात, त्यांच्यासाठी पॅड धरायचे. संध्याकाळी लहान मुलांची बॅच. मधल्या वेळात स्वतःचा सराव, दुखऱ्या खांद्याने. यात कमीपणा काही नाही. उलट या खेळातला बऱ्यापैकी भरवशाचा पगार हाच आहे, आणि त्यासाठी यूएफसी गाठावी लागत नाही.

जून २०२४मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलला पूजा तोमर जिंकली, यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय बाई. मुझफ्फरनगरकडची. पुढच्या मार्चमध्ये लंडनला हरली. ती आली वुशू या चिनी मार्शल आर्टमधून, राष्ट्रीय विजेतेपदं गाठीशी घेऊन. माझ्या ओळखीतला पोरगा विचारायला आला तर त्याला हेच सांगेन: कुस्ती, बॉक्सिंग, वुशू, जे करतोस त्याच्या मान्यताप्राप्त स्पर्धा सोडू नकोस, कॉलेज अर्धवट टाकू नकोस, आणि पाच-सहा वर्षं पदरचं घालायची घरची तयारी नसेल तर याला करिअर म्हणू नकोस, हौस म्हण. हौसेला माझी हरकत नाही.

२०२६च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धांमध्ये एमएमएला जागा मिळाली आहे. तिथलं पदक खाजगी पट्ट्यासारखं नसेल, ते सरकारी कागदावर चढू शकतं. तोवर सही करण्याआधी करारातल्या तीन ओळी वकिलाकडून वाचून घ्याव्यात: हजेरीचे किती, गुडघ्याचं ऑपरेशन कुणाच्या खर्चाने, आणि या कंपनीने फाइट दिली नाही तर दुसरीकडे लढायला किती महिने बंदी.