‘डी’वर टाकली की बंद पडते

[काळा पडदा. नुसता आवाज: इंजिन संथ चालू आहे. गिअरच्या दांड्याचा ‘खट्’. लय खाली येते, अडखळते. शांतता.]

जुनी ऑटोमॅटिक गाडी ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना हा आवाज पाठ असतो. गाडी पहिल्या किल्लीला सुरू होते. उभी असताना कुरकुर नाही. ब्रेकवर पाय ठेवायचा, दांडा ‘पी’वरून (पार्क) ‘डी’वर (ड्राइव्ह) आणायचा, आणि इंजिन मान टाकतं. पुन्हा ‘पी’, पुन्हा किल्ली, पुन्हा तेच.

ही गाडी चार सिलिंडरची, एका कार्बोरेटरची (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग), तीन गिअरच्या ऑटोमॅटिकची. इथे येण्याआधी हिचा कार्बोरेटर दोनदा उघडून झालाय. प्लग नवे आहेत, पेट्रोल फिल्टर नवा आहे. एवढं करूनही फरक पडला नाही, तेव्हा मालकांना सांगण्यात आलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ते ऐकून मला वाईट वाटलं. गिअर टाकल्यावर बंद पडते म्हणून दोष गिअरचा, हे धरून चालणं अगदी साहजिक आहे. पण या तक्रारीत गिअरबॉक्स बहुतेक वेळा निर्दोष निघतो.

[टॉर्क कन्व्हर्टर कापून ठेवलेला. आतली पाती दिसताहेत.]

इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट नसते, हा तेलाने भरलेला डबा असतो. इंजिनाकडची पाती फिरतात, तेल ढकलतात, आणि ते तेल समोरची पाती फिरवतं. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्यासमोर मोटारी नव्हत्या, जहाजं होती. न्यूट्रलमध्ये समोरची पाती मोकळी असतात, तेलाबरोबर फिरत राहतात. ‘डी’ टाकला की ती चाकांशी जोडली जातात, आणि चाकं तर आपण ब्रेकने धरून ठेवलेली. आता इंजिनाला थांबलेल्या पात्यांवर तेल घुसळत राहायचंय. रिकाम्या बादलीत हात फिरवा, मग तीच बादली पाण्याने भरून फिरवा, तेवढा फरक.

धडधाकट इंजिन हा भार सोसतं. मिनिटाला ७५० फेऱ्यांवरून ६००-६५० वर येतं आणि तिथे टिकतं. आजच्या गाड्यांत फेऱ्या घसरताहेत हे संगणकाला कळतं आणि तो हवा वाढवतो, पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला हे कळायची सोय नाही. त्याच्याकडे आहे एक स्क्रू, कुणीतरी कधीतरी लावून ठेवलेला, आणि सुईच्या टोकाएवढी काही भोकं.

त्यात भर म्हणजे ही घसरण स्वतःलाच खतपाणी घालते. फेऱ्या कमी झाल्या की इनटेक मॅनिफोल्डमधली (कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणारी वाट) ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, कमी होतो. ओढ कमी झाली की आयडलच्या (उभ्या गाडीतल्या संथ चालीच्या) भोकांतून पेट्रोल कमी येतं, आलेलं नीट विरत नाही. डिस्ट्रीब्यूटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) व्हॅक्यूम अॅडव्हान्सची नळी थेट मॅनिफोल्डला असेल, तर ठिणगीची वेळही (टायमिंग) मागे पडते, म्हणजे ताकद आणखी कमी. इंजिन आधीच काठावर उभं होतं. गिअरने फक्त धक्का दिला.

तर मग ते काठावर का उभं होतं?

[हात बॉनेट उघडतात.]

बहुतेक जण इथे पहिली गोष्ट करतात ती आयडलचा स्क्रू पिळण्याची. फेऱ्या वाढतात, गाडी बंद पडायची थांबते, सगळे खूश. माझं कळकळीचं सांगणं आहे, हा स्क्रू सगळ्यात शेवटी. का, ते पुढे दिसेलच.

आधी फक्त विचारायचं, आणि विचारायचं एकच: नेमकी कधी बंद पडते?

फक्त थंड असताना? मग चोककडे बघा. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक हवेची वाट अडवून मिश्रण गडद (पेट्रोल जास्त) करतो, आणि त्याच्या जोडीची पायऱ्यांची कॅम फेऱ्या वर धरून ठेवते. चोकची स्प्रिंग लवकर ढिली पडली तर मिश्रण फिकं (पेट्रोल कमी). सुरू झाल्यावर चोक थोडा उघडणारा छोटा डायफ्रॅम फाटला असेल तर उलट, मिश्रण जास्त गडद, मागून काळा धूर. दोन्ही तऱ्हांनी गिअर टाकला की गाडी बंद.

फक्त गरम झाल्यावर, आणि तेही कानफटात बसल्यासारखी झटक्यात? तर मात्र संशय गिअरबॉक्सवर घ्यावा लागतो. बऱ्याच गाड्यांच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये लॉक-अप क्लच असतो, जो वेगात गेल्यावर तेलाची घसरण टाळण्यासाठी दोन्ही बाजू घट्ट जोडतो. तो उभ्या गाडीत सुटलाच नाही, तर इंजिन थेट थांबलेल्या चाकांना जोडलं जातं. हे मरण वेगळं असतं. त्यात अडखळणं नसतं, धापा टाकणं नसतं.

फक्त ‘आर’मध्ये (रिव्हर्स), ‘डी’मध्ये नाही? किंवा उलट? मग इंजिनाची माउंटिंगं बघा. भार आला की इंजिन एका बाजूला कलतं, रिव्हर्समध्ये दुसऱ्या बाजूला. माउंटिंगचं रबर तुटलेलं असेल तर एवढ्याशा कलण्याने एखादी वायर ताणली जाते, एखादी नळी निसटते.

(हाताच्या गिअरची गाडी असणाऱ्यांसाठी एवढंच: क्लच पूर्ण दाबलेला असताना पहिला टाकला आणि गाडी पुढे झटका देऊन बंद पडली, तर क्लच कापत नाही, म्हणजे पूर्ण सुटत नाही. ते दुखणं निराळं.)

आपल्या गाडीचं उत्तर होतं: थंड असो, गरम असो, ‘डी’ असो, ‘आर’ असो, नेहमीच. आणि झटक्यात नाही, धापा टाकत. शिवाय मालकांनी आणखी एक सांगितलं, जे त्यांना तक्रारीचा भाग वाटतच नव्हतं. रस्त्यावर गाडी उत्तम पळते.

ही फार मोठी खूण आहे. आयडलला कार्बोरेटरची मुख्य झडप जवळजवळ बंद असते, हवा जाते ती केसभर फटीतून. अशा वेळी एखाद्या नळीतून किंवा पॅकिंगमधून बाहेरची हवा शिरत असेल, तर इंजिनाच्या एकूण हवेत तिचा वाटा मोठा असतो, आणि त्या हवेबरोबर पेट्रोल आलेलं नसतं. मिश्रण फिकं पडतं. वेगात गेल्यावर मुख्य वाट सताड उघडते आणि त्या चोरवाटेला काही किंमतच उरत नाही. म्हणून पळताना बरी आणि उभी राहिली की आजारी असलेली गाडी, ती बहुधा कुठूनतरी हवा घेत असते.

[चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे लावले जातात. हँडब्रेक ओढला जातो.]

पुढे जाण्याआधी हे दृश्य आम्ही मुद्दाम ठेवलंय. ही परीक्षा चालू असताना गाडीच्या समोर कुणीही उभं राहायचं नाही. एक माणूस आत, गिअर टाकताना पाय ब्रेकवर. बाकीचे बाजूला.

आधी चोकची पाती हाताने किंचित मिटून बघायची. तोंड कार्बोरेटरवर आणायचं नाही आणि त्याचं भोक तळहाताने झाकायचं नाही, मागे भडका आला तर भाजतं. पाती मिटल्यावर इंजिन सावरलं तर ते उपाशी आहे, मिश्रण फिकं आहे. आणखी घुसमटलं तर पेट्रोल आधीच जास्त होतंय: फ्लोट (कार्बोरेटरमधला पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा) वर बसवलाय, किंवा फ्लोटची सुई गळतेय. आमची गाडी सावरली.

मग व्हॅक्यूमचा गेज. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं, आणि उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी. इथे काटा १५ वर स्थिर होता. एकेक नळी चिमट्याने दाबत गेलो. पीसीव्ही वाल्वची (इंजिनातली वाफ परत ओढणारा) नळी दाबली, नेहमीसारखा थोडा फरक. डिस्ट्रीब्यूटरची, ठीक. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, ठीक. १९७० च्या दशकापासून बऱ्याच गाड्यांत जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर वाल्व आला, तो उघडा अडकला तरी आयडल असाच ढासळतो. तोही ठीक.

अर्धा दिवस गेला. मग मी आत बसलेल्या मालकांना म्हणालो,

“काका, दांड्याला हात लावू नका. नुसता ब्रेक दाबा.”

“गिअर नाही टाकायचा?”

“नाही. नुसता ब्रेक.”

[गेजचा काटा, अगदी जवळून. १५ वरून ९ वर. इंजिनाचा आवाज डगमगतो. पेडलजवळून बारीक फुसकारा.]

गिअर ‘पी’मध्येच आहे. चाकांवर भार नाही. तरी इंजिन मरायला टेकलंय.

गिअर टाकताना पाय ब्रेकवर असतोच. त्यामुळे वर्षभर ज्या क्षणाला सगळे ‘गिअर टाकल्यावर’ म्हणत होते, तो ‘ब्रेक दाबल्यावर’ही होता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ब्रेक बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढचा तो गोल डबा. मध्ये रबरी डायफ्रॅम. पाय वर असताना दोन्ही बाजूंना इंजिनाचा व्हॅक्यूम. पेडल दाबलं की एक वाल्व पेडलकडच्या बाजूला बाहेरची हवा सोडतो, ती हवा डायफ्रॅम पुढे ढकलते, आणि आपल्या पायाला जोर मिळतो. डायफ्रॅम चिरलेला असेल तर ती हवा तिथे थांबत नाही, चिरेतून थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. म्हणजे गळती, पण फक्त पाय दाबलेला असताना. पाय काढून शंभरदा नळ्या तपासल्या तरी सापडायची नाही.

खात्री करायला बूस्टरची नळी मॅनिफोल्डपासून काढली आणि ते तोंड बुचाने बंद केलं. आता ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक लागतं, म्हणून हे फक्त उभ्या, ठोकळे लावलेल्या गाडीत करायचं. काकांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून ‘डी’ टाकला. फेऱ्या खाली आल्या. डगमगल्या. आणि टिकल्या.

हा दोष आयडलपुरता नव्हता, हे इथे स्पष्ट म्हणायला हवं. डायफ्रॅम आणखी फाटला असता तर चालत्या गाडीत ब्रेकचा जोर गेला असता. ज्या स्क्रूने गाडी ‘बंद पडायची थांबते’, तो स्क्रू हे झाकून टाकतो.

[नवा बूस्टर बसलेला.]

बूस्टर बदलल्यावर तपासणी सोपी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारायचं, पाय दाबून ठेवायचा, गाडी सुरू करायची. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं, म्हणजे बूस्टर काम करतोय.

पण काटा अजून १५ वरच. ब्रेक दाबल्यावर आता तो पडत नव्हता, तरी हवा तिथे नव्हता. टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावला, अॅडव्हान्सची नळी काढून बंद केली. बॉनेटखालच्या पट्टीवर ८ अंश लिहिलेले, गाडीत निघाले ३. कारण पॉइंटमध्ये (डिस्ट्रीब्यूटरमधला, उघडला की ठिणगी पाडणारा स्विच) होतं. डिस्ट्रीब्यूटरच्या कॅमवर घासणारा पॉइंटचा छोटा तुकडा हळूहळू झिजतो, फट कमी होते, आणि फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी पॉइंटची फट, मग टायमिंग, मग कार्बोरेटर. उलट्या क्रमाने केलं तर प्रत्येक पायरी आधीची बिघडवते. फट लावली, टायमिंग लावलं. काटा १८ वर आला.

आणि इंजिन किंचाळायला लागलं. कारण कुणीतरी आयडलचा स्क्रू पिळून ठेवलेला होता, आजार झाकण्यासाठी, आणि आता आजारच नव्हता.

[कार्बोरेटर उलटा धरलेला. झडपेच्या कडेला एक उभी बारीक खाच.]

या खाचेकडे नीट बघा. झडप आयडलला असते तेव्हा हिचा अगदी थोडा भाग झडपेखाली उघडा असतो, बाकीची वर झाकलेली. रेस देताना ती हळूहळू उघडते आणि आयडलपासून मुख्य जेटपर्यंतचा सांधा सांभाळते. आयडलचा स्क्रू जास्त पिळला की झडप वर उचलली जाते आणि खाच उभ्या गाडीतच उघडी पडते. पेट्रोल मग तिथून येऊ लागतं, आणि मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनाला काही कळत नाही. हाच कार्बोरेटर दोनदा उघडूनही ‘सेटिंग बसत नव्हतं’ ते यामुळे.

आयडल जेटही उजेडाकडे धरून पाहिला. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं भोक. त्यात तार घालायची नाही, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. क्लीनर आणि दाबाची हवा, बस.

मग आयडलचा स्क्रू मागे, झडप खाली. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा. मिश्रणाचा स्क्रू हलकेच आत, फेऱ्या पडायला लागेपर्यंत. मग बाहेर, त्या सगळ्यात वर जाईपर्यंत. आता एक अष्टमांश फेरा फिरवला तरी इंजिन उत्तर देत होतं. शेवटी आयडल, पट्टीवर दिल्याप्रमाणे. काही गाड्यांत तो आकडा ‘डी’मधला दिलेला असतो, म्हणून पट्टी वाचायची.

[ड्रायव्हरच्या सीटमागून. काकांचा हात दांड्यावर.]

“टाकू?”

“टाका, काका.”

[‘खट्’. आवाज खाली येतो. ७५०. ६८०. ६४०. थांबतो. डॅशबोर्डवरची सावली हलकेच थरथरते आहे.]

“आता ‘आर’.”

[‘खट्’. इंजिन दुसऱ्या बाजूला कलतं. चालू आहे.]

“आता दिवे लावा. पंखा लावा.”

[हेडलाइट समोरच्या भिंतीवर पडतात. काका ब्रेकवरचा पाय काढत नाहीत. इंजिन चालू आहे.]