तोंड लहान, पोट मोठं

(फोंडा येथे मेस्त म्हणजे कारागीर, शिल्पकलेचे विद्यार्थी आणि हौशी कातारी म्हणजे लाकूड फिरवून घडवणारे यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पहिल्या रांगेत मेस्त बसलेले दिसतायत, म्हणजे आज थापा मारायची सोय नाही. विषय एकच आहे: लेथवर, म्हणजे लाकूड फिरतं ठेवून हत्यारानं घडवायच्या यंत्रावर, लाकडाचं मोठं, पोकळ, अरुंद तोंडाचं भांडं कसं होतं. वाडगा नव्हे, परात नव्हे. वाडग्यात हत्याराची धार डोळ्यांसमोर असते. मी बोलतोय ते भांडं रांजणासारखं. तोंडातून जेमतेम चार बोटं जातात आणि पोट हातभर रुंद. धार कुठे लागतेय ते दिसतच नाही.

लेथ गोव्याला नवा नाही. कुंकळ्ळीचे चितारी पिढ्यान्‌पिढ्या लेथवर लाखेचं काम करत आले आहेत. लाखेची कांडी फिरत्या लाकडाला टेकवायची, घर्षणानं ती वितळते आणि रंग लाकडावर बसतो. जुन्या पद्धतीत मोटर नव्हती. एक माणूस दोरी मागे-पुढे ओढणार, दुसरा जमिनीवर बसून हत्यार धरणार. लाकूड एकदा सुलट, एकदा उलट फिरायचं आणि धार सुलट फेऱ्यातच कापायची. पण हे काम बहुतेक पाळण्याचे दांडे, चौरंगाचे पाय, लाटणी अशा लांबट वस्तूंचं. त्यात लाकूड दोन्ही टोकांना धरलेलं असतं. पोकळ भांड्याला एक टोक मोकळं सोडावंच लागतं, कारण तिथूनच आत शिरायचं. पुढच्या सगळ्या कटकटी या एका गोष्टीतून निघतात.

मोठ्या आकाराचं हे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बहरलं. त्यातली दोन नावं सांगतो. एड मोल्थ्रॉप हे अटलांटाचे वास्तुविशारद. त्यांनी अख्खी खोडं फिरवता येतील असे लेथ आणि भाल्यासारखी लांब हत्यारं स्वतः बनवली. लाकूड फुटू नये म्हणून ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल या रसायनाच्या हौदात भिजवत ठेवायचे. दुसरे डेव्हिड एल्सवर्थ. त्यांनी वाकड्या मानेची हत्यारं वापरून अगदी लहान तोंडातून, आत न बघता, पातळ भिंतीची भांडी कोरण्याचं तंत्र घडवलं. १९८६ साली अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. एकानं वजनाचा प्रश्न हाताळला, दुसऱ्यानं न दिसण्याचा. आपल्याला दोन्ही आहेत.

आधी वजन. ५० सेंटीमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा ओला ओंडका घ्या. ओलं लाकूड पाण्याइतकंच जड धरलं तरी तो शंभर किलोच्या जवळ जातो. वजनापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे तो गोल नसतो. समजा तासून, कोपरे उडवून ६० किलोचा ओंडका लेथवर चढवला आणि त्याचं वजन मध्यापासून फक्त २ सेंटीमीटर एका बाजूला आहे. मिनिटाला ३०० फेऱ्यांवर तो लेथला सुमारे १२० किलोच्या जोरानं बाहेर ओढतो, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला पाच वेळा गोल फिरते. फेरे दुप्पट केले तर ओढ चौपट, म्हणजे ४८० किलो. अशा वेळी लेथ फरशीवर चालायला लागतो. मेस्त हसतायत, त्यांनी बघितलेलं दिसतंय.

म्हणून माझं ठाम मत आहे की मोठ्या मोटरवर पैसे घालवण्याआधी लोखंडावर घालवा. लेथचा बेड, म्हणजे खालचा सांगाडा, जड हवा, पाय फरशीला बोल्टनं आवळलेले हवेत, खाली वाळूच्या गोण्या हव्यात. दोन अश्वशक्तीची मोटर पुष्कळ झाली, फक्त कमी वेगाची पुली पाहिजे. नुसत्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकानं वेग उतरवला तर मोटरचा जोरही उतरतो. वेगाचा ढोबळ हिशेब असा: व्यास इंचांत घ्या, त्याला फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवा. वीस इंचांच्या भांड्याला ३०० ते ४५० फेरे. ओबडधोबड ओंडक्याला त्याहूनही कमी. लहान लाटण्याच्या सवयीनं कुणी १५०० वर लावलं, तर ५० सेंटीमीटरच्या भांड्याची कड ताशी १४० किलोमीटरनं पळते. त्यातून तुकडा निखळला तर काय होईल ते मी सांगायला नको. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल लावा, हातमोजे आणि ओढणी दूर ठेवा, लेथ सुरू करताना ओंडक्याच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नका. आणि मास्क लावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, १९९५ पासून.

आता आतलं काम. हत्यार टूलरेस्टवर, म्हणजे लेथवरच्या आडव्या आधारावर, टेकतं आणि टूलरेस्ट भांड्याच्या तोंडाबाहेर असतो. कापणारं टोक मात्र पोटात, ३० सेंटीमीटर आत. मधलं सगळं अंतर अधांतरी. उंच झाडावरचा आंबा काढायला लांब काठीची घळ वर धरतो, तेव्हा आंबा पावशेराचाच असतो पण मनगटाला तो पाच किलोचा वाटतो. तोच खेळ इथे आहे, फक्त आंब्याच्या जागी फिरणारं लाकूड आहे आणि ते खाली हिसका मारतं. टोक ३० सेंटीमीटर आत आणि टूलरेस्टच्या मागे दांडाही ३० सेंटीमीटरच असेल, तर टोकावर ३० किलोचा झटका बसला की हातालाही ३० किलोच झेलावे लागतात. मागे ९० सेंटीमीटर असतील तर १० किलो. कातारी लोकांचा जुना ठोकताळा आहे, पुढे एक तर मागे पाच. ३० सेंटीमीटर खोल जायचं तर दीड मीटरचा दांडा. तो काखेत धरून उभं राहायला तेवढी खोली तरी हवी!

दुसरी भानगड वाकण्याची. सळई तीच ठेवून बाहेरची लांबी दुप्पट केली, तर ती त्याच दाबाखाली आठपट वाकते. उलट लांबी तीच ठेवून जाडी दुप्पट केली, तर वाकणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. बारा मिलिमीटरची सळई हातात हलकी, सुबक वाटते. खोल कामाला ती कामाची नाही, पंचवीसची घ्या. बारीक सळई वाकली की नुसती वाकून राहत नाही, परत उसळते, पुन्हा वाकते, आणि आतल्या भिंतीवर नांगरल्यासारख्या रेषा उठतात.

वाकड्या मानेचं हत्यार भांड्याच्या खांद्याची आतली बाजू कापायला लागतंच, सरळ सळई तिथे पोचत नाही. तिथे दोन गोष्टी बघा. वळणाचा भाग कधीही टूलरेस्टवर येऊ देऊ नका, सरळ भागच टेकवा. आणि मान बाहेर वळून टोक पुन्हा सळईच्या रेषेत आलेलं असलं तर उत्तम. टोक रेषेच्या बाजूला राहिलं की दाब येताच सळई हातात पिळते, आणि ते पिळणं मनगटानं थांबत नाही. हल्ली पुष्कळजण मागचा दांडा दोन पट्ट्यांच्या चौकटीत अडकवतात. पीळ चौकट झेलते, माणूस फक्त दिशा देतो. पुस्तकी शुद्धता पाळणाऱ्यांना हे आवडत नाही. मला आवडतं, कारण माझा खांदा मला म्हातारपणीही लागणार आहे.

टोकाची उंची हा विषय मेस्तांनासुद्धा चकवतो, म्हणून सावकाश सांगतो. बाहेरून स्क्रेपर, म्हणजे खरवडणारं हत्यार, लावताना धार मध्यरेषेच्या किंचित खाली ठेवली, तर ती दाबानं आणखी खाली जाऊन लाकडापासून सुटते. आत नेमकं उलटं. आत धार मध्यरेषेच्या खाली असली आणि दाबानं आणखी खाली गेली, तर मध्यापासूनचं तिचं अंतर वाढतं, म्हणजे ती भिंतीत जास्त घुसते. घुसली की दाब वाढतो, दाब वाढला की आणखी खाली जाते, आणि भांडं गेलं. म्हणून आत धार दोऱ्याइतकी वर ठेवायची. मग खाली दबली तरी ती मोकळ्या जागेत येते. कागदावर एक वर्तुळ काढा, मध्यातून आडवी रेष मारा, लगेच पटेल.

क्रम असा. बाहेरचा आकार आधी पूर्ण करायचा, मोठ्या व्यासाकडून लहानाकडे. मग मधोमध भोक पाडायचं, तळाच्या जाडीइतकं सोडून. त्यानं खोली ठरते, आणि अगदी मध्याचा तो भाग निघून जातो जिथे लाकडाला वेगच नसतो आणि हत्यार नुसतं घासत राहतं. पुढे तोंडाजवळचा चार बोटं भाग शेवटच्या जाडीपर्यंत न्यायचा आणि मगच खाली उतरायचं. खालचं जाड लाकूड तोवर आधार देतं. एकदा खाली गेलात की वर परत येऊ नका, पातळ झालेली भिंत थरथरते. दर थोड्या वेळानं लेथ थांबवून आतला कीस काढायचा. ओल्या लाकडाचा कीस पोटात दाबून बसतो, हत्यार त्यात अडकतं. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि घाई होते तीही इथेच. भांडं लांब असेल तर बाहेरून चाकांचं कडं लावून त्याला आधार द्या.

भिंतीची जाडी कशी कळते, असं मघाशी एका मुलीनं विचारलं. वाकड्या पायांचा कॅलिपर आहे, हत्यारावर बसवायचा लेझर आहे. पण रोजच्या कामात कान आहे. भिंत पातळ होत जाते तसा कापण्याचा आवाज बदलतो, ठोस राहत नाही. हाताला कळायच्या आत कानाला कळतं. आणि फेऱ्यागणिक एक बारीक टकटक ऐकू आली तर मागेपुढे न बघता बटण दाबा. ती चीर असते. कानात गाणी लावून हे काम करणारे तरुण मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

आता पाणी. पाणी समजलं नाही तर वरचं सगळं फुकट. ओलं लाकूड, त्यातली ओल साधारण ३० टक्क्यांवर उतरेतोवर, जवळजवळ आकसत नाही. त्यानंतर आकसतं, आणि सगळ्या दिशांना सारखं नाही. वलयांच्या गोलाईनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मं मध्याकडे, आणि उभ्या तंतूंच्या दिशेनं नगण्य. खोड उभं धरून, मधला भेंड, म्हणजे खोडाचा मऊ गाभा, लेथच्या अक्षावर ठेवून भांडं केलं, तर भिंतीत भेंड येत नाही, कारण तो भाग आपण कोरून टाकतो. उरतो तो तळात. म्हणून अशी भांडी तळाला फुटतात. तळ भिंतीइतकाच पातळ ठेवा, किंवा भेंड ड्रिलनं काढून सुक्या लाकडाची गुडदी बसवा.

दोन रस्ते आहेत. एक, ओल्या लाकडातच सहा मिलिमीटरच्या आसपास सारखी भिंत काढायची आणि ती वळेल तशी वळू द्यायची. सारखी हा शब्द महत्त्वाचा, कारण जाड-पातळ असेल तिथे चीर पडते. दोन, व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाडी ठेवून, बाहेरून मेण लावून काही महिने सुकवायचं आणि पुन्हा लेथवर घ्यायचं. अरुंद तोंडाच्या भांड्याला मी पहिला रस्ता पसंत करतो. जाड भिंतीचं पोट आतून नीट सुकत नाही, बुरशी धरतं.

गोव्याच्या हवेत ओबडकाम पावसाळ्यात केलेलं बरं. लाकूड सावकाश सुकतं, म्हणून फुटत कमी. बुरशीचे काळे डाग येतात, आंब्यावर तर हमखास. कुणाला ते डाग सुंदर वाटतात, मला अर्ध्या वेळा. पावसाळ्यात सुकं लाकूडही १८ टक्क्यांच्या आसपास ओल धरून बसतं, कोरड्या दिवसांत १२ वर उतरतं. म्हणून मोठ्या भांड्याला घट्ट झाकण करायच्या फंदात पडू नका. जुलैत बसलेलं झाकण फेब्रुवारीत बसत नाही.

झाडं म्हणाल तर फणस माझा आवडता. कापताना हळदीसारखा पिवळा, उजेडात राहून तांबूस तपकिरी होतो. चीक मात्र हत्याराला धरतो, सारखं पुसावं लागतं. रस्त्याकडेचे ते छत्रीसारखे पर्जन्यवृक्ष मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले. त्यांचं लाकूड फारच कमी आकसतं, नवशिक्यानं मोठं भांडं त्यातच करावं. सागात सिलिका असते, धार लवकर बोथट होते. माडाला भेंड नाही, वलयं नाहीत. बाहेरचा थर दगड आणि आतला भुसा, त्यामुळे त्यात पोकळ भांडं करणं हा हट्ट आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात केवढी झाडं पडली ते आठवा. अशा झाडांचा बुंधा, पहिल्या फांदीच्या खालचा, सरपणाला जातो याचं मला वाईट वाटतं. पण स्वतःच्या परसातलं झाड असलं तरी गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. पडलेल्या झाडालाही करवत लावण्याआधी वन खात्याकडे विचारून घ्या.

शेवटचा प्रश्न मागच्या बाकावरच्या बुवांचा आहे: या लेथवर पखवाजाचं खोड होईल का? होईल, आणि भांड्यापेक्षा सोपं पडेल, कारण ते दोन्ही तोंडांनी उघडं असतं. अर्धं एका बाजूनं कोरायचं, उलटं करून अर्धं दुसऱ्या बाजूनं. आत न दिसणारा खांदा नाही. पण भिंत जाड ठेवायची आणि लाकूड पूर्ण सुकलेलंच घ्यायचं. ओलं खोड नंतर वाकडं झालं तर पुडीची, म्हणजे तोंडावरच्या कातड्याची, कड सारखी बसणार नाही. आणि बुवा, मापं माझ्याकडून नका घेऊ. ज्याच्याकडून पुड्या मढवून घेता, त्याला आधी विचारा, दोन्ही तोंडांचे व्यास त्याच्याकडून लिहून आणा, मग ओंडका शोधू.